डिस्क मेली असे यंत्र सांगते तेव्हा

शाळेच्या जुन्या जनरल रजिस्टराला काय मोल असते, हे सीमाभागात राहणाऱ्यांस सांगावयास नको. जन्मतारखेचा पुरावा हवा, जातीचा हवा, आजोबा कोणत्या माध्यमात शिकले हे दाखवावयाचे आहे, की माणूस संकेश्वरची बस धरतो आणि कचेरीच्या दारात येऊन उभा राहतो. ती रजिस्टरे वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी त्यांच्या पानांची छायाचित्रे संगणकात साठवावीत, असे आम्ही काही शिक्षकांनी ठरविले. संगणकात लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली घातली आणि मजकुरासाठी एकाऐवजी दोन डिस्क जोडल्या. त्या दोन डिस्कांनी मला जे शिकविले, ते आज सांगावयाचे आहे.

या जोडणीला इंग्रजीत 'रेड' म्हणतात. शब्द ऐकून कोणी छापा पडल्याची कल्पना करू नये. बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एका निबंधात असे मांडले की, एकच महागडी डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधाव्यात, आणि त्यांपैकी एक गेली तरी मजकूर जाऊ नये इतकी जादा नोंद ठेवावी. आमची रचना सर्वांत साधी, आरशाची. जे एका डिस्कवर लिहिले जाते तेच दुसरीवरही. तीन किंवा अधिक डिस्कांच्या रचनेत युक्ती निराळी असते. मुलांना मी ती अशी सांगतो: फळ्यावर तीन आकडे आणि त्यांची बेरीज लिहा, कोणताही एक आकडा पुसला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो.

हे काम एखादे खास कार्ड करते, किंवा लिनक्सचा गाभा स्वतः करतो. मला दुसरी पद्धत पसंत आहे. कार्ड जळाले तर बहुधा तशाच जातीचे कार्ड शोधत फिरावे लागते. उलट लिनक्सने बांधलेल्या डिस्क दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकास जोडाव्यात, त्या एकमेकींस ओळखतात, कारण आपण कोणत्या कुटुंबातल्या ही नोंद प्रत्येकीवरच असते. ही व्यवस्था चालविणाऱ्या साधनाचे नाव एमडीॲडम. ते नील ब्राउन या ऑस्ट्रेलियातील गृहस्थांनी लिहिले.

आता मूळ गोष्ट. एका पावसाळ्यात सकाळी संगणक उघडला तो आरसा तडकलेला. लिनक्स आपल्या स्थितीचा जो तक्ता दाखवते, त्यात धडधाकट जोडीसाठी 'यू' ही दोन अक्षरे असतात. त्यांपैकी एकाच्या जागी आडवी रेघ होती. डिस्क मेली असे मी धरून चाललो, बेळगावहून नवी आणली आणि जुनीच्या जागी बसविली. नवीवर मजकूर उतरू लागला, निम्मा उतरला, आणि तीही बाद! शाळेच्या पैशाने घेतलेली वस्तू आठ दिवसांत निकामी झाली, हे मुख्याध्यापकांस कोणत्या तोंडाने सांगावे?

पण डिस्क मेली हे यंत्राचे म्हणणे एका साक्षीदाराची साक्ष असते, निकाल नव्हे. गाभ्याला एवढेच ठाऊक असते की उत्तर आले नाही. गाभा आणि डिस्क यांच्यामध्ये कंट्रोलर आहे, तार आहे, वीज पुरविणारा पॉवर सप्लाय आहे. दोष यांपैकी कोठेही असू शकतो. म्हणून आधी गाभ्याची रोजनिशी वाचावी. तीत जोडणी पुनःपुन्हा तुटून सांधल्याच्या ओळी दिसल्या, तर रस्त्याचा संशय घ्यावा. मग डिस्कची स्वतःची 'स्मार्ट' नोंदवही पाहावी. बहुतेक डिस्कांत ५ क्रमांकाखाली बदलून दिलेल्या खराब जागा, १९७ खाली संशयित जागा, आणि १९९ खाली वाटेत झालेल्या चुका मोजलेल्या असतात. आमच्या जुन्या आणि नव्या दोन्ही डिस्कांत पहिले दोन आकडे शून्य, तिसरा मात्र फुगलेला! दोष एका किरकोळ तारेचा होता. ती बदलल्यावरही १९९ चा आकडा खाली येत नाही, फक्त वाढावयाचा थांबतो; हे ठाऊक नसल्यामुळे मी आणखी एक दिवस घाबरलेलाच होतो.

अनेक डिस्क एकाच क्षणी पडल्या, तर त्या एकाच कार्डावर किंवा एकाच वीजतारेवर आहेत का हे पाहावे. आणि डिस्क काढताना लिनक्सने दिलेल्या नावावर विसंबू नये. ही नावे संगणक पुन्हा सुरू होताना बदलू शकतात. डिस्कवर छापलेला अनुक्रमांक खरा. जिवंत डिस्क ओढून काढण्याचे पाप माझ्या हातून थोडक्यात टळले.

आणखी एक भांडण फार वेळा घडते. घरगुती वापराची डिस्क एखादी खराब जागा वाचण्यासाठी एक-दोन मिनिटेसुद्धा धडपडते. लिनक्स साधारणतः तीस सेकंदच वाट पाहते, मग जोडणी झटकते आणि शेवटी डिस्कला बाद करते. एका अक्षरासाठी अडलेल्या मुलाला शाळेतून काढून टाकावे, तसाच हा प्रकार! उपाय असा की, डिस्कला सात सेकंदांत हार मानावयास सांगावे; ती ऐकणारी नसेल तर गाभ्याचाच धीर १८० सेकंदांपर्यंत वाढवावा. संगणक सुरू होईल तेव्हा हे प्रत्येक वेळी नव्याने करावे लागते.

रचना उभीच राहिली नाही तर काय? अशा वेळी घाईने नवी रचना 'निर्माण' करण्याची आज्ञा देऊ नये; जुन्या कुटुंबाच्या नोंदी पुसून मजकूर गमावण्याचा तो राजमार्ग आहे. प्रत्येक डिस्कवर घडामोडींचा एक आकडा असतो, तो प्रथम कागदावर उतरवून घ्यावा. आकडे जवळजवळ असतील तर 'जुळवणी'ची आज्ञा सक्तीने देता येते. डिस्क खरोखरच आजारी असेल तर आधी डीडीरेस्क्यू या साधनाने तिची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवावी आणि सर्व प्रयोग नकलेवर करावेत.

नव्या डिस्कवर मजकूर उतरविताना जुनीचे प्रत्येक पान वाचले जाते, आणि वर्षानुवर्षे न उघडलेल्या कोपऱ्यातील खराब जागा नेमकी तेव्हा उघडी पडते. म्हणून मधूनमधून संपूर्ण तपासणी हवी. लिनक्सच्या डेबियन आवृत्तीत ती महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होण्याची सोय आहे.

मात्र आरशाला बॅकअप समजू नये. चुकून एखादे रजिस्टर पुसले, तर आरसा तेही तत्परतेने दोन्हीकडून पुसतो. आणि २०१९ च्या ऑगस्टसारखी हिरण्यकेशी गावात शिरली, तर एकाच पेटीतील दोन्ही डिस्क एकदमच बुडावयाच्या. आमच्या रजिस्टरांची तिसरी प्रत आता गडहिंग्लजला, नदीपासून दूर, एका माडीवरच्या कपाटात असते. दर सत्राच्या शेवटी मी ती पिशवीतून घेऊन येतो, नवी पाने भरतो, चार-दोन जुनी पाने उघडून वाचता येतात का ते पाहतो, आणि संध्याकाळच्या बसने परत नेऊन ठेवतो.