घरातील प्रवाळ-मत्स्यालयासाठी प्रकाशयोजना: दिवा निवडण्याआधी काय ठरवावे?

या पाठात आपण एका छोट्या व्यावहारिक प्रश्नाचा विचार करणार आहोत. बेंगळुरूतील एखाद्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून त्यात प्रवाळवर्गीय प्राणी जगवायचे असतील, तर त्यावर दिवा कोणता लावावा? त्यासाठी जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि कायदा या तिन्हींची थोडी माहिती लागते. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र आणि घातांकी फलाची ओळख एवढी पूर्वतयारी पुरेशी आहे.

१. प्रवाळाला प्रकाश कशासाठी लागतो?

प्रवाळ हा प्राणी आहे. तो स्वतः प्रकाशसंश्लेषण करत नाही. मात्र उथळ, उष्ण समुद्रातील बहुतेक प्रवाळांच्या पेशींत झूक्सँथेली नावाची एकपेशीय शैवाले राहतात. ही शैवाले प्रकाशात साखर तयार करतात आणि तिचा मोठा भाग यजमान प्राण्याला देतात. त्या बदल्यात त्यांना कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजनयुक्त द्रव्ये आणि सुरक्षित जागा मिळते. म्हणजे मत्स्यालयावरचा दिवा शोभेसाठी नसतो. तो या प्राण्यांच्या अन्नाचा मुख्य स्रोत असतो.

प्रकाश वाढवला की प्रकाशसंश्लेषण वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे वेग स्थिर होतो. त्याहूनही अधिक प्रकाश पडला, विशेषतः पाणी गरम असताना, तर पेशींत ऑक्सिजनचे घातक प्रकार तयार होतात आणि प्राणी शैवालांना बाहेर टाकतो. प्राणी पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. १९९८ साली लक्षद्वीपमध्ये असे मोठे विरंजन झाले होते. तेव्हा मूळ कारण तापलेले पाणी होते. घरच्या टाकीत मात्र निव्वळ चुकीच्या दिव्यानेही तसे घडू शकते. म्हणून ‘जितका तीव्र दिवा तितका चांगला’ हा समज सोडून द्या.

२. आधी कायदा, मग दिवा

दिव्याची तीव्रता टाकीत कोण राहणार यावर ठरते, आणि टाकीत कोण राहू शकेल हे भारतात कायद्याने ठरते. २००१ साली केंद्र सरकारने सर्व दगडी (स्क्लेरॅक्टिनियन) प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत केला. वाघाला जे संरक्षण आहे तेच या प्राण्यांना मिळाले. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी हे संरक्षण कायम आहे. ते गोळा करणे किंवा त्यांचा व्यापार करणे हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. किनाऱ्यावरून उचललेले मृत प्रवाळाचे तुकडेही टाकीत सजावट म्हणून वापरू नका.

परदेशी पुस्तकांत आणि चित्रफितींत दिसणारे फांद्यांचे रंगीत ॲक्रोपोरा दगडी प्रवाळातच मोडतात. सर्वांत तीव्र दिवे त्यांच्यासाठीच सुचवलेले असतात. त्यामुळे ती शिफारस जशीच्या तशी उचलली, तर आपल्याकडे गरजेच्या दुप्पट-तिप्पट प्रकाशाचा दिवा विकत घेतला जातो. या पाठात आपण मशरूम (डिस्कोसोमा), झोअँथिड आणि चामडी प्रवाळ (सार्कोफायटन) या मृदू प्राण्यांचा विचार करू. हे वरील यादीत येत नाहीत. तरीही विक्रेत्याकडे ते कुठून आले याची कागदपत्रे मागा. समुद्रातून ओरबाडून आणलेल्यांपेक्षा टाकीतच कलमाने वाढवलेले प्राणी निवडा.

३. पाणी प्रकाश कसा गाळते?

पाण्यात प्रकाशाची तीव्रता पुढील सूत्राने घटते: खोलीवरील तीव्रता = पृष्ठभागावरील तीव्रता × ई^(−क × खोली). येथे ‘ई’ म्हणजे २.७१८ हा नैसर्गिक आधार आणि ‘क’ हा क्षीणता गुणांक. स्वच्छ प्रवाळी समुद्रात ‘क’ सुमारे ०.१ प्रति मीटर धरू. भर दुपारी पृष्ठभागावर २००० एकक प्रकाश असेल, तर १० मीटरवर २००० × ०.३७ = सुमारे ७४० एकक उरतो.

आता कोकणातले उदाहरण घ्या. १९८७ साली घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याच्या परिसरात प्रवाळ आहेत, पण तेथील पाणी नद्यांच्या गाळामुळे पुष्कळदा गढूळ असते. उदाहरणापुरता ‘क’ ०.५ मानला, तर ४ मीटरवरच २००० × ०.१३५ = २७० एकक उरतो आणि १० मीटरवर फक्त १३. म्हणजे ‘समुद्रातला प्रकाश’ अशी एकच संख्या नसते, आणि प्रवाळवर्गीय प्राणी मंद प्रकाशातही जगू शकतात.

सर्व रंग सारखे घटत नाहीत. शुद्ध पाण्यात १० मीटरवर ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश जेमतेम ३ टक्के उरतो, तर ४५० नॅनोमीटरचा निळा ९० टक्क्यांच्या आसपास. झूक्सँथेलीतील हरितद्रव्ये आणि पेरिडिनिन हे रंगद्रव्य निळा व निळा-हिरवा प्रकाश चांगला शोषतात. प्रवाळ-टाक्यांचे दिवे निळसर असतात त्याचे हे कारण आहे.

घरच्या टाकीत मात्र पाणी ४५ सेंटिमीटरच खोल असते. एवढ्या अंतरात लाल प्रकाशही सुमारे १४ टक्केच शोषला जातो. तळाशी प्रकाश कमी पडतो तो प्रामुख्याने झोत पसरल्यामुळे. म्हणून दिव्याची उंची आणि भिंगांचा कोन यांकडे लक्ष द्या.

४. वॅट, ल्युमेन की फोटॉन?

वॅट ही दिव्याने खाल्लेली वीज आहे, दिलेला प्रकाश नव्हे. ल्युमेन आणि लक्स माणसाच्या डोळ्यावर बेतलेले आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. फोटॉनांची संख्या तीच ठेवून (१ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद) लक्समापक काय दाखवील ते पाहा:

- ५५५ नॅनोमीटर: सुमारे १४७ लक्स
- ४५० नॅनोमीटर: सुमारे ७ लक्स

शैवालाला फोटॉन तेवढेच मिळाले, पण मापकाच्या दृष्टीने प्रकाश वीसपट कमी झाला. म्हणून निळसर दिव्यासाठी लक्स मोजणे दिशाभूल करणारे आहे. मोजायचे ते ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील फोटॉन. या पट्ट्याला पीएआर म्हणतात. मत्स्यालयात साधारणपणे पुढील तीव्रता (मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद) पाळल्या जातात:

- मशरूम: ३० ते ७५
- झोअँथिड, चामडी प्रवाळ: ७५ ते १५०
- फांद्यांचे दगडी प्रवाळ (तुलनेसाठीच): २०० ते ४००

५. सोडवलेले उदाहरण

टाकी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे १८० लिटर. प्राण्यांच्या पातळीवर सरासरी १०० एकक हवे आहेत.

क्षेत्रफळ = ०.९ × ०.४५ = ०.४०५ चौरस मीटर
लागणारे फोटॉन = १०० × ०.४०५ = सुमारे ४० मायक्रोमोल प्रति सेकंद
निम्मा प्रकाश परावर्तनात व बाहेर सांडण्यात गेला असे मानू: म्हणून ८० हवेत.
एलईडीची कार्यक्षमता २ मायक्रोमोल प्रति ज्यूल धरू: ८० ÷ २ = ४० वॅट

रोज १० तास लावला तर ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिट वीज. १५० वॅटचा मेटल हॅलाइड दिवा तितकाच वेळ लावला तर ४५ युनिट. शिवाय त्याची उष्णता थेट पाण्यावर पडते.

६. बेंगळुरूचा संदर्भ

शहर सुमारे ९२० मीटर उंचीवर असल्याने हवा किनारपट्टीपेक्षा सौम्य असते. तरी मार्च-एप्रिलमध्ये दुपारचे तापमान ३३-३४ अंशांपर्यंत जाते आणि टाकी मात्र २४ ते २७ अंशांत ठेवायची असते. म्हणून कमी उष्णतेचा दिवा आणि पृष्ठभागावर वारा घालणारा पंखा ही जोडी सोयीची. पंख्याने बाष्पीभवन वाढते आणि क्षारता चढते. ती भरून काढताना मीठमिश्रित पाणी न घालता आरओचे गोडे पाणी घाला, कारण उडून जाते ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहते. बोअरवेलचे जड पाणी थेट वापरू नका.

वीज गेली तर काय? प्राणी एखादा दिवस अंधारात राहू शकतात, पण पाणी न हलल्याने ऑक्सिजन काही तासांत घटतो. इन्व्हर्टरवर पंप जोडा, दिवा नव्हे. तसेच फुकटचा प्रकाश म्हणून टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. तेथे तापमान आणि नको असलेले शेवाळ दोन्ही आवरत नाहीत.

७. दिवा लावल्यानंतर

नवा दिवा अपेक्षित तीव्रतेच्या निम्म्याने सुरू करा आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा. टाइमर लावून ८ ते १० तासांचा दिवस ठेवा. प्राणी फिका पडू लागला तर प्रकाश जास्त असण्याची शक्यता आहे. तो तपकिरी होऊन दिव्याकडे ताणला जात असेल तर कमी असावा. एका वेळी एकच बदल करा आणि दोन आठवडे थांबा, नाहीतर कशाचा परिणाम झाला हे कळणार नाही.

स्वाध्याय

१. ‘क’ = ०.५ प्रति मीटर आणि पृष्ठभागावरील तीव्रता १८०० एकक असल्यास ३ मीटर खोलीवर किती प्रकाश उरेल? (उत्तर: सुमारे ४००)
२. ६० × ४० सेंटिमीटर टाकीत मशरूमसाठी सरासरी ५० एकक हवे आहेत. वरील गृहीतके वापरून दिव्याचे वॅट काढा. (उत्तर: १२)
३. एका दिव्याच्या खोक्यावर फक्त वॅट आणि केल्विन छापले आहेत. खरेदीपूर्वी विक्रेत्याला कोणते तीन प्रश्न विचाराल, आणि का?