‘मिठो छ?’ म्हणजे मीठ नव्हे!

सुट्टी घेऊन परदेशात इंग्रजी शिकवायचं, तिथल्याच एखाद्या घरात राहायचं... आयडिया एकदम हटके! पण तिथल्या मुलांना आपला खरंच उपयोग होतो का? नेपाळच्या डोंगरात सहा आठवडे राहून आल्यावर लिहिलेला हा अनुभव.

सोमवार सकाळ, हिंजवडीचा ट्रॅफिक, इनबॉक्समध्ये सत्तर मेल्स. अशा वेळी तुमच्याही मनात येतंच ना, की हे सगळं सोडून कुठेतरी डोंगरात जावं, छोट्या शाळेत शिकवावं? माझ्याही आलं. फरक इतकाच, की अप्रेझलनंतरच्या रागात मी बॉसकडे सहा आठवड्यांची बिनपगारी रजा मागितली आणि त्यानं चक्क दिली!

नेपाळ निवडलं ते सोयीचं म्हणून. भारतीयांना व्हिसा लागत नाही, लिपी आपलीच देवनागरी, खिशालाही परवडणारं. पोखराहून बसनं अडीच तास, मग तासभर चढण. सरकारी शाळा आणि एका कुटुंबाकडे राहायची सोय.

पहिल्याच दिवशी विकेट

घरात आमा, बुबा, त्यांची सून (म्हणजे माझी भाउजू) आणि तिची सातवीतली मुलगी. भाउजूचा नवरा कतारला. गावातल्या कितीतरी घरांतले तरुण असेच आखातात, नाहीतर मलेशियात.

पहिल्या संध्याकाळी आमांनी दाल-भात-तरकारी वाढली. मी घास घेतला तशी त्यांनी विचारलं, ‘‘मिठो छ?’’ मला वाटलं, मीठ जास्त झालंय का, असं विचारतायत. मी ऐटीत पाठ केलेलं नेपाळी फेकलं, ‘‘छैन, छैन!’’ आमांचा चेहरा पडला आणि भाउजूला हसू आवरेना. मिठो म्हणजे चविष्ट! मिठाला तिथं म्हणतात नुन. इतक्या प्रेमानं रांधलेलं जेवण मी बेचव ठरवून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवसापासून भाउजूच्या मुलीकडे नेपाळीची शिकवणी लावली. टीचर सातवीतली, विद्यार्थिनी इंजिनिअर!

सकाळी चहा, साडेनऊला पोटभर भात, दहाला शाळा. संध्याकाळी पुन्हा दाल-भात. कधी नाचणीच्या पिठाचा घट्ट ढिंडो आणि सोबत गुंद्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. त्या वासाशी दोस्ती व्हायला आठवडा लागला. रात्री आठला गाव चिडीचूप. माझ्या खोलीला आतून कडी नव्हती. आमा न विचारता आत येत, पांघरूण सारखं करून जात. पहिले दोन दिवस वैताग आला. मग आठवलं, पुण्याच्या फ्लॅटमध्ये चार वर्षं राहूनही मला शेजारच्या काकूंचं नाव माहीत नाही.

माय नेम इज...

शाळेत पहिला तास सातवीवर. मी जोशात फळ्यावर ‘माय नेम इज’ लिहिलं. पोरांनी नाव, वय, आवडता रंग, आवडतं फळ, सगळं एका सुरात म्हणून दाखवलं. मी खूष! मधल्या सुट्टीत इंग्रजीचे सर हळूच म्हणाले, ‘‘मिस, तुमच्याआधी चार पाहुणे येऊन गेले. सगळ्यांनी इथूनच सुरुवात केली होती.’’

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काल घरी जाऊन काय केलं? वर्ग गप्प. भूतकाळापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं. दर थोड्या महिन्यांनी नवा चेहरा, नवे खेळ, नवे फोटो आणि पुन्हा पहिलं पान. तेवढे दिवस सरांचा धडा बंद. दहावीला तिथं एसईई नावाची मोठी परीक्षा असते, इंग्रजी सक्तीचं. त्या परीक्षेला पाहुणे बसत नाहीत, मुलं बसतात.

खरं सांगू? त्या रात्री बॅग भरावीशी वाटली. मग सकाळी सरांनाच विचारलं, तुम्हाला माझ्याकडून काय हवंय? थोडे लाजत म्हणाले, ‘‘व्याकरण येतं मला. बोलायची सवय नाही.’’

मग प्लॅन बदलला. वर्गात सर शिकवणार, मी मागच्या बाकावर मागे पडलेल्या मुलांशेजारी बसून त्यांचं वाचन घेणार. शाळा सुटली की तासभर सर आणि मी फक्त इंग्रजीत गप्पा मारणार. पीक, पगार, पोरांची लग्नं, क्रिकेट, काहीही! फोटो काढण्यासारखं यात काही नव्हतं. पण मी निघून गेल्यावरही सर तिथंच असणार होते.

निघायच्या दिवशी आमांनी कपाळाला टीका लावला. भाउजूची मुलगी माझी सॅक धरून उभी होती. म्हणाली, ‘‘अब आउने मिस कुन देशको?’’ आता येणारी मिस कुठल्या देशाची? उद्या डब्याला भाजी कुठली, इतक्या सहज विचारलं तिनं. बसमध्ये पोखरा येईपर्यंत मी कुणाशी बोलले नाही.

आता दर शनिवारी, तिकडे शाळेला सुट्टी असते तेव्हा, सरांना फोन करते. अर्धा तास, फक्त इंग्रजीत. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. पहिल्या फोनला मी लेट झाले, तर सरांनी मला चक्क भूतकाळातलं वाक्य ऐकवलं!

तुम्हालाही जायचंय?

• दोन-तीन आठवड्यांत वर्ग हातात घेऊ नका. वेळ कमी असेल तर तिथल्या शिक्षकांचे मदतनीस व्हा. आधीच्या पाहुण्यानं कुठवर शिकवलं, ते जाण्यापूर्वीच विचारा.

• फी भरत असाल तर त्यातले किती पैसे यजमान घराला मिळतात, हे स्पष्ट विचारून घ्या.

• तुमची काहीच चौकशी न करता मुलांमध्ये सोडणारी संस्था टाळा. अनाथाश्रम तर नकोच. नेपाळमधल्या अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं युनिसेफनंच सांगितलंय.

• विमानानं जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवंच. पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि दशैं-तिहारला शाळा बंद असतात, तेव्हा तारखा बघून ठरवा.

• आणि हो, ‘मिठो छ?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर एकच... ‘‘धेरै मिठो!’’