परस्वाधीन वाचक : महासाथीतील बंगळुरू

अंकीय दरी म्हणजे साधनांचा अभाव, अशी व्याख्या सामान्यतः केली जाते. महासाथीच्या काळात ती अपुरी ठरली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार देशातील सायबर गुन्हे २०१९ मधील ४४,७३५ वरून २०२० मध्ये ५०,०३५ झाले. बंगळुरूत मात्र ते १०,५५५ वरून ८,८९२ वर उतरले. हे आकडे नोंदींचे आहेत, फसवणुकीचे नव्हेत. तक्रार नोंदविणे हीदेखील एक साक्षरताच होय.

या साक्षरतेचे स्वरूप लसीकरणाने उघड केले. १ मे २०२१ रोजी १८ ते ४४ वयोगटाचे लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविन संकेतस्थळावरील नोंदणी अनिवार्य होती आणि ते इंग्रजीत होते. कन्नड व मराठी जूनमध्ये आल्या. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू, मराठी बोलणाऱ्या या शहरात ज्याला पडदा वाचता येत नव्हता, त्याने दुसऱ्याचे डोळे उसने घेतले आणि आपल्या फोनवर आलेला ओटीपी त्याला सांगितला. ओटीपी कोणासही सांगू नये, हा बँकांचा इशारा; तो सांगितल्यावाचून या माणसाची नोंदणी होत नव्हती. लसनोंदणीच्या नावाने दूरध्वनी करणाऱ्या भामट्यांना हीच सवय उपयोगी पडली.

पूर्वी पत्र वाचून देणाऱ्याच्या हाती गुपित जाई. आता संमती जाते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात या दरीची दखल घेतली. तौलनिक साहित्याभ्यासाने स्वायत्त वाचक गृहीत धरताना हा परस्वाधीन वाचकही विचारात घ्यावयास हवा. अनुवाद न झालेल्या मजकुराची किंमत त्याने पैशांत मोजली आहे.