वाडीतला पंप आणि ३० मिलिअँपिअर

अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात नारळ-सुपारीची वाडी म्हटली की विहीर आली आणि विहिरीवर पंप आला. अलीकडे यातल्या बऱ्याच पंपांना नवे जोडकाम झालेले दिसते. मोबाइलवरून चालू-बंद होणारा स्टार्टर, टाकी भरली की पंप थांबवणारा फ्लोट, पाणी सोडण्याची वेळ सांभाळणारा टायमर. मुंबईत नोकरी करणारा मुलगा तिथे बसून वाडीला पाणी सोडतो. ही कामे कंपनीचा माणूस क्वचितच करतो. गावातला एखादा खटपट्या, जुना रेडिओ उघडून पाहण्यापासून सुरुवात केलेला, सुटीच्या दिवशी हे सारे जुळवतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा या छंदाची खरी किंमत कळली. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागातल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जुनी बॅटरी, इन्व्हर्टर, सौर पॅनेल यांची मोट बांधून मोबाइल चार्ज करून देणारा माणूस त्या दिवसांत वाडीचा आधार होता. तेव्हा खटपट करू नका असे सांगण्यात अर्थ नाही. मात्र एक गोष्ट या मंडळींकडून हमखास होते आणि ती जीवावर बेतू शकते. पावसाळ्यात बोर्डावरचा एक स्विच सारखा पडतो, पंप बंद राहतो, म्हणून तो स्विच बाजूला काढून वायर थेट जोडली जाते.

तो स्विच म्हणजे आरसीसीबी. शेजारच्या एमसीबीसारखाच दिसतो, पण दोघांचे काम वेगळे. एमसीबी वायर जळू नये म्हणून असते, माणसासाठी नव्हे. हिशेब साधा आहे. ओल्या त्वचेच्या, अनवाणी माणसाच्या शरीराचा रोध साधारण हजार ओहमपर्यंत खाली येतो. २३० व्होल्टला त्याच्यातून सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह जाईल. १० ते १५ मिलिअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आवळतात की धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३०च्या आसपास श्वासाचे स्नायू जखडू लागतात. ५० ते १००च्या पुढचा प्रवाह सेकंदभर टिकला तर हृदयाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे जात नाही. आता ६ अँपिअरची एमसीबी पाहा. तिच्या लेखी २३० मिलिअँपिअर म्हणजे एखाद्या छोट्या बल्बइतका किरकोळ भार. माणूस मरेल, ती पडणार नाही.

आरसीसीबी मात्र फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहते. घरगुती आरसीसीबीत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ती सेकंदाच्या अंशात वीज तोडते. तो फरक कुठे गेला, माणसातून की ओल्या भिंतीतून, याच्याशी तिला कर्तव्य नसते. म्हणून ती सारखी पडते तेव्हा बहुतेक वेळा खरेच सांगत असते. समुद्रकाठच्या हवेतले मीठ जोडांवर, पंपाच्या टर्मिनलवर, चिकटपट्टी गुंडाळलेल्या केबलवर बसते. पावसाळ्यात ते ओल धरते आणि त्या थरातून वीज वाहू लागते. गळती शोधायची असते, पहारेकरी हाकलायचा नसतो. तिच्यावरचे टेस्टचे बटण किती घरांत कधी दाबले जाते, हा प्रश्नच आहे. महिन्यातून एकदा दाबावे. पडली नाही तर बदलावी.

जमिनीत गेलेली वीज कुठवर गोंधळ घालते, याचा इतिहास अलिबागमध्येच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे दिसू लागले, तेव्हा त्यांचा प्रवाह कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडवेल म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले गेले.

दुसरी वाईट युक्ती अर्थिंगची. खारी हवा आणि खारी माती अर्थिंगच्या पट्ट्या व जोड खाऊन टाकतात. मग फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. त्यावर प्लगमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडली जाते आणि झिणझिण्या थांबतात. पुढे कधी न्यूट्रलची वायर तुटली की फ्रिजचे अख्खे पत्रे २३० व्होल्टवर येते.

जनरेटर किंवा इन्व्हर्टर थेट घरच्या सॉकेटमध्ये जोडणे हा तर दुसऱ्याच्या जीवाशी खेळ. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी डीपीकडे जाते आणि तिथे २३० व्होल्टचे ११,००० होतात. लाइन बंद आहे या भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असतो. चेंजओव्हर स्विच यासाठीच असतो. शिवाय मेन बोर्डावरची आरसीसीबी इन्व्हर्टरच्या पुढच्या वायरिंगची राखण करेलच असे नाही. ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. आणि जनरेटर पडवीत नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सोल्डरिंग करणाऱ्यांना धुरातल्या शिशाची भीती वाटते. तो धूर मुख्यतः राळेचा असतो, दमेकऱ्याला तो त्रास देतो. शिसे पोटात जाते ते हातावाटे, मध्येच घेतलेल्या चहाबिस्किटाबरोबर किंवा मळलेल्या तंबाखूबरोबर. हात साबणाने धुवावेत.

शॉक लागलेल्या माणसाला आधी हात लावू नये. मेन स्विच बंद करावा. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि कुणीतरी १०८ला फोन करावा. माणूस उठून बसला, चहा प्यायला, तरी प्रकरण संपले असे समजू नये. बोटावर तांदळाएवढा चट्टा असतो आणि आत स्नायू भाजलेले असतात. छातीत धडधड, घेरी, हातापायाला सूज, किंवा लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली तर मूत्रपिंडे धोक्यात असू शकतात. ईसीजी आणि लघवीची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.