सूक्ष्मनियंत्रकाच्या पिन-योजनेतील विसंवाद

कर्ली नदी देवबाग येथे समुद्रास मिळते. एका अंगास नदीचे पात्र व दुसऱ्या अंगास अरबी समुद्र अशा या चिंचोळ्या भूपट्टीच्या टोकाशी भरती-ओहोटीची पातळी नोंदणारे यंत्र बसवावयाचे आहे, असे समजू. पावसाळ्याचे चार महिने खवळलेल्या पाण्यात उतरून त्याची दुरुस्ती करणे दुरापास्त. यंत्र मुखापाशी बंद पडले, तर त्या ऋतूची नोंद कायमची गेली.

अशा यंत्राच्या केंद्रस्थानी एसटीएम३२एफ१०३ जातीचा ४८ पिनांचा मायक्रोकंट्रोलर योजिला जाणे स्वाभाविक आहे. पाण्याचा दाब मोजणारा सेन्सर आय२सी-१ या मार्गाने पीबी६ व पीबी७ या पिनांस जोडावयाचा. नोंदी साठविणारे मेमरी कार्ड एसपीआय-१ वर ठेवावयाचे. परंतु एसपीआय-१ च्या मूळच्या पीए५, पीए६ व पीए७ या पिना विद्युत्दाब मोजण्याच्याही कामी येतात. त्या मोकळ्या राहाव्यात म्हणून योजक एसपीआय-१ चे स्थानांतर पीबी३, पीबी४ व पीबी५ येथे करतो. पिनांची योजना करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चित्रात प्रत्येक पिनेस एकच काम नेमलेले दिसते. डेटाशीटमधील कोष्टकही ही मांडणी नाकारीत नाही. तेथे पीबी५ पुढे आय२सी-१ ची एसएमबीए ही सूचनारेषा मूळ काम म्हणून व एसपीआय-१ ची मोसी रेषा स्थानांतरित काम म्हणून दिली आहे. एसएमबीए वापरावयाचीच नाही. मग अडचण कोठे?

अडचण चिपच्या पोटात आहे. निर्मात्याच्या दोषपत्रकात असे नमूद आहे की, आय२सी-१ चे घड्याळ चालू असता स्थानांतरित एसपीआय-१ स्वामी म्हणून वापरल्यास पीबी५ वर मोसी व एसएमबीए यांचा संघर्ष होतो, मग एसएमबीए वापरात नसली तरी. याच पिनेवर स्थानांतरित केलेल्या टायमर-३ च्या दुसऱ्या वाहिनीसही हाच दोष लागू आहे. यातील फसवा भाग असा, की प्रयोगशाळेत कार्ड एकटे तपासले तर ते उत्तम चालते. सेन्सरही एकटा उत्तम चालतो. दोहोंचे प्रोग्राम एकत्र केल्यावर मात्र कार्ड रुसते, आणि विद्यार्थी बिचारा तारा व कार्डे बदलीत बसतो.

याच्या उलट प्रकार पीसी१३ चा. सॉफ्टवेअरमध्ये ती पिन निर्गम म्हणून सहज निवडता येते. परंतु पीसी१३ ते पीसी१५ या पिनांतून केवळ ३ मिलिअँपिअर इतकाच प्रवाह शोषला जाऊ शकतो, व त्यांनी दिव्यास प्रवाह पुरवू नये, हा निर्बंध डेटाशीटच्या तळटीपेत आहे. येथे डेटाशीटचे म्हणणे प्रमाण मानावयाचे. तळटीपा वाचण्याचा कंटाळा हा या विषयातील पुष्कळशा घोटाळ्यांचे मूळ होय.

तात्पर्य, कोणता दस्तऐवज श्रेष्ठ हा प्रश्न सरसकट सुटत नाही. विधान कशाविषयी आहे हे पाहावे लागते. पिन त्या आवरणात आहे काय व किती भार सोसते, हे डेटाशीट सांगते. रजिस्टरांतील बिटांचा अर्थ संदर्भग्रंथात पाहावा. या दोहोंहून चिपचे प्रत्यक्ष वर्तन जेथे निराळे आहे, तेथे दोषपत्रकाचा शब्द अखेरचा. मात्र ते आपल्याच चिपच्या आवृत्तीचे आहे ना, हे चिपवरील अक्षरांशी ताडून घ्यावे. सॉफ्टवेअरची माहिती चिपगणिक तयार केलेल्या फायलींतून येते. ती सोयीची खरी, परंतु दुय्यम साक्ष आहे.

प्रस्तुत उदाहरणात तोडगा सोपा आहे. सेन्सर आय२सी-२ वर, म्हणजे पीबी१० व पीबी११ येथे न्यावा आणि आय२सी-१ चे घड्याळ बंदच ठेवावे. अथवा कार्ड एसपीआय-२ वर, पीबी१३ ते पीबी१५ येथे न्यावे. पहिला मार्ग पत्करल्यास आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पीबी३ व पीबी४ या पिना आरंभी जेटॅगच्या ताब्यात असतात. त्या सोडवून घेताना पीए१३ व पीए१४ वरील दोन तारांचा तपासमार्ग शाबूत राखावा. त्यानंतर सेन्सर व कार्ड एकाच वेळी चालू ठेवून घड्याळांची व स्थानांतराची रजिस्टरे वाचावी आणि मोसी रेषेवर ऑसिलोस्कोप लावून पाहावे. ही चाचणी यंत्र पेटीत बंद करण्यापूर्वी झाली पाहिजे.