सोळा मात्रा, पाच टाळ्या

लग्नसराईत धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा अशा कुठल्याही भागात वरात निघाली की बँडवाल्यांकडे जरा नीट पाहावं. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट कानात भरतात, साइड ड्रम पायांना हलवतो. कित्येक बँडांत पुढच्या रांगेत एखादा वादक दोन्ही हातांत खुळखुळे घेऊन नाचत असतो. या खुळखुळ्यांना मराका म्हणतात. त्यांचं घर अर्ध्या पृथ्वीपलीकडे आहे, कॅरिबियन बेटांत आणि दक्षिण अमेरिकेत. बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या वरातीपर्यंत ते कसे पोचले, याचा माग काढायला लागलं की हवाना, न्यूयॉर्क, गोवा आणि मुंबई ही चार गावं एका सुरात बोलू लागतात.

सुरुवात हवानापासून करू. क्यूबाच्या उसाच्या मळ्यांवर राबवायला आफ्रिकेतून लाखो माणसं गुलाम म्हणून आणली गेली. गुलामगिरी तिथे कायद्यानं संपली ती १८८६ मध्ये. त्या माणसांकडून जमीन, नाव, भाषा सगळं हिसकावलं गेलं, पण हातातली लय कुणाला काढून घेता आली नाही. काँगोकडच्या लोकांच्या ढोलांतून पुढे कोंगा हे वाद्य घडलं. योरुबा लोकांनी आपल्या देवांना बोलावणारे बाता नावाचे ढोल जपले. स्पॅनिश गिटार आणि गाणी याच मातीत मिसळली. या साऱ्याला बांधून ठेवणारं वाद्य म्हणजे लाकडाचे दोन दांडके, क्लावे. जहाजबांधणीत वापरायच्या कठीण लाकडाच्या खुंट्यांपासून ते आले, असं सांगतात.

क्लावे काय वाजवतात ते मराठी वाचकाला समजावणं फार सोपं आहे, कारण आपल्याकडे तीनताल आहे. सोळा मात्रा मोजा आणि पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्या. झाला हवानाचा सर्वांत प्रसिद्ध ठेका, सोन क्लावे. आता हाच ठेका तीनतालाशेजारी ठेवून पाहा. तीनतालाची सम पहिल्या मात्रेवर, क्लावेचा पहिला ठोकाही तिथेच. तीनतालाची शेवटची टाळी तेराव्या मात्रेवर, क्लावेचा शेवटचा ठोकाही तिथेच. नवव्या मात्रेवर आपण हात उलटा करून खाली दाखवतो, आणि नेमकं त्याच जागी क्लावेही गप्प असतात. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन परंपरांनी सोळा मात्रांच्या घरात काही खांब एकाच जागी रोवले आहेत. मधल्या जागा मात्र निराळ्या. आपली पाचव्या मात्रेची टाळी तिथे नाही, त्याऐवजी चौथ्या आणि सातव्यावर ठोके येतात. तीन, तीन, चार, दोन, चार अशी अंतरं पडतात आणि त्या असमान अंतरांमुळेच अंग आपोआप डोलायला लागतं.

आता या पाच ठोक्यांवर माणसं चढवत जाऊ. कोंगावाला सातव्या-आठव्या आणि पंधराव्या-सोळाव्या मात्रेवर दोन-दोन मोकळे, घुमणारे आघात देतो आणि मधली जागा दबक्या थापांनी भरतो. बासवाल्याची गंमत आणखी मोठी. त्याच्या नेहमीच्या चलनात तो समेवर येतच नाही. चौथी, सातवी, बारावी आणि पंधरावी या मात्रा तो वाजवतो. पुढच्या आवर्तनाचा स्वर तो सम यायच्या आधीच लावून मोकळा होतो. समेवर येण्यासाठी जीव टाकणाऱ्या आपल्या कानाला हे प्रथम चमत्कारिक वाटतं, मग लक्षात येतं की सम प्रत्येकाच्या मनात पक्की असल्याशिवाय ती अशी मोकळी सोडताच येणार नाही. काठीनं वाजवायच्या तिंबालेसवरचा वादक पत्र्याच्या कडेवर ठेका धरतो आणि गाण्याचा भाग बदलणार असला की छोटी फिरत घेऊन सगळ्यांना सांगतो. गाणं रंगात आलं की बाँगोवाला बाँगो खाली ठेवून गाईच्या गळ्यात असते तसली घंटा उचलतो. पियानो तीच ती तुटक आकृती पुन्हा पुन्हा वाजवत राहतो. एकेकट्याचं वाजवणं ऐकलं तर फार काही वाटणार नाही. सगळी मिळून वाजू लागली की बसून राहणं अशक्य होतं.

ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे ताफे या तालसंगतीशी जोडले गेले न्यूयॉर्कमध्ये. हवानाचा मारिओ बाउसा तिथल्या कृष्णवर्णीयांच्या मोठ्या जॅझ बँडांत ट्रम्पेट वाजवून तयार झाला होता. १९४० मध्ये त्याचा मेहुणा माचितो यानं ‘आफ्रो-क्यूबन्स’ हा बँड उभा केला आणि बाउसा त्याचा संगीत दिग्दर्शक झाला. जॅझची स्वररचना आणि क्यूबाची लय, दोन्ही पूर्ण ताकदीनं. पुढे न्यूयॉर्कच्या पॅलेडियम नृत्यगृहात माचितो, तितो प्युएन्ते, तितो रॉड्रिगेझ यांच्या बँडांवर काळे, गोरे, प्वेर्तो रिकन, इटालियन, ज्यू असे सगळे एकाच फरशीवर नाचले. त्या काळातल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती.

हे सूर मुंबईत आले ते तबकड्या, चित्रपट आणि हॉटेलांतल्या बँडांवाटे. आणि ते वाजवायला माणसं तयार होती, ती गोव्याची. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. ही मुलं मोठी होऊन मुंबईला आली, धोबी तलावाच्या आसपासच्या आपापल्या गावच्या कुडांत, म्हणजे सामायिक वसतिगृहांत, उतरली आणि संध्याकाळी ताजमहाल, ग्रीन्स अशा हॉटेलांत कोट-टाय घालून वाजवू लागली. १९१६ मध्ये हळदोण्यात जन्मलेला आंतोनियो झेवियर वाझ यांतलाच. मुंबईनं त्याला चिक चॉकलेट या नावानं ओळखलं आणि त्याच्या ट्रम्पेटमुळे हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हटलं. स्वातंत्र्यानंतर गोरे ग्राहक गेले, १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं नृत्यगृहांची रया गेली आणि हे वादक जास्तच चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले. एका कायद्यानं हॉटेलांतलं संगीत गावोगावच्या पडद्यापर्यंत ढकललं, असंच म्हणायला हवं.

तिथे त्यांना भेटला पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र. मराठी संस्कारातला, भावगीताच्या हळव्या चाली बांधणारा हा संगीतकार परक्या लयींवर मनापासून लुब्ध होता. ब्राझीलची कार्मेन मिरांडा हिनं १९४५ च्या ‘डॉल फेस’ या चित्रपटात गायलेल्या एका गाण्यावरून त्यांनी ‘समाधी’ या चित्रपटासाठी ‘गोरे गोरे’ बांधलं, ते १९५० मध्ये. लगेच पुढच्या वर्षी भगवानदादांचा ‘अलबेला’ आला. भगवानदादा म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा भगवान आबाजी पालव. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तेच. चिक चॉकलेट आणि त्याचा बँड या चित्रपटात पडद्यावरही दिसतो. ‘शोला जो भडके’मध्ये बाँगो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन यांचं असं मिश्रण आहे की आजही ते शिळं वाटत नाही. बाँगो-कोंगासारखी वाद्यं चित्रपटसंगीतात रुळवणाऱ्यांत पारशी तालवादक कावस लॉर्ड यांचं नाव आदरानं घेतलं जातं. पुढे त्यांचे मुलगे केर्सी आणि बुजी यांनीही तोच वारसा चालवला. मराठी चाल, गोव्याचे ओठ, पारशी हात आणि क्यूबाची लय अशी ही मुंबईची पंगत होती.

भगवानदादांचं ते खांदे उडवत हलकेच डुलणं पाहा. अवघड पदन्यास नाही, गिरक्या नाहीत, कुणालाही जमेल असं. म्हणूनच ते गणपतीच्या मिरवणुकीत आणि वरातीत उतरलं आणि अजून तिथून हललेलं नाही. रेडिओ, यात्रेतले तंबूतले सिनेमे आणि तबकड्या यांच्यामार्फत ही गाणी गावागावांत गेली. बँडमास्तरांनी ती कानानं उचलली, वादकांना वाटून दिली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेला धाराशिव जिल्हा नुकता मोकळा श्वास घेत होता, आणि त्याच सुमाराला हे नवं संगीत देशभर घुमायला लागलं होतं.

पण परकं संगीत इतक्या सहज अंगवळणी का पडलं? याचं उत्तर मला तुळजापुरात सापडतं. भवानीच्या दारी वाजणारा संबळ जवळून पाहावा. एक मोठा आणि एक लहान, असे दोन ढोल एकत्र बांधून कमरेला लावलेले. एक काडी सरळ, दुसरी टोकाला वाकडी. मोठ्यातून खर्ज निघतो, लहान्यातून कडक टिपरा. बाँगोही असाच लहान-मोठ्याचा जोड आहे, फक्त तो गुडघ्यांत धरून बोटांनी वाजवतात. गोंधळात मुख्य गोंधळी पद उचलतो, साथीदार झील धरतात. क्यूबाच्या लयीवर वाजणाऱ्या लॅटिन बँडच्या गाण्याच्या उत्तरार्धात गायक सुचेल तशी ओळ टाकत जातो आणि बाकीचे ठरलेलं पालुपद म्हणत राहतात, ती रचना हीच. गोंधळी गावोगावच्या देवदेवतांना नावं घेऊन बोलावतो. क्यूबात बाता ढोल प्रत्येक देवाला त्याच्या त्याच्या लयीनं हाक मारतात. या दोन परंपरांत नातं आहे असा पुरावा कुठे नाही आणि तो शोधायची गरजही नाही. ढोल वाजवून देवाला अंगणात उतरवता येतं, ही श्रद्धा दोन्हीकडे आहे. जिथे ती असते तिथे चक्राकार लयीत तासन् तास राहायची सवय रक्तात असते, आणि पाहुणी लय घरची व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून मला ठामपणे वाटतं की धाराशिव जिल्ह्यात खराखुरा लॅटिन बिग बँड उभा राहू शकतो. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवणारे हात लग्नाच्या बँडांत आहेत. संबळवाले तुळजापुरात आहेत, हलगीवाले गावोगाव. तीनताल मोजणारी मुलं तबल्याच्या वर्गात आहेत, कीबोर्डवाले ऑर्केस्ट्रात आहेत. या माणसांना आज सहसा हंगामापुरतं काम मिळतं आणि वर्षाचे उरलेले महिने वाद्य खुंटीला टांगलेलं राहतं. एखाद्या महाविद्यालयानं किंवा गणेश मंडळानं आठवड्यातून एक संध्याकाळ आणि एक सभागृह दिलं तर हे सगळे एका खोलीत येतील. माचितोच्या बँडनं वेगवेगळ्या मोहल्ल्यांतल्या माणसांना एका फरशीवर आणलं, तसं वरातीत पुढे चालणाऱ्या पण मांडवात मागे बसवल्या जाणाऱ्या वादकांना रंगमंचाच्या मधोमध आणता येईल. पहिल्या तालमीला वाद्यंही लागणार नाहीत. सगळ्यांनी गोल बसायचं. अर्ध्यांनी तोंडानं तीनताल म्हणायचा, अर्ध्यांनी पहिल्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी द्यायची, आणि जमेपर्यंत थांबायचं नाही.