हक्काचं घर (भाग ५) : सहा वर्षांच्या मुलाची वाट कोण पाहतं?

मागच्या भागात दत्तकासाठी नाव कसं नोंदवायचं ते पाहिलं. त्यावर पलूसमध्ये काय किंवा कुठंही काय, हमखास निघणारा प्रश्न असा : नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षं ताटकळतात आणि तिकडे बालगृहांत मुलं आहेतच. मग अडतं कुठं?

पहिली अडचण कागदाची. बालगृहातलं प्रत्येक मूल दत्तक देता येत नाही. आई वारलेली, बाप दारूत बुडालेला, आजीला झेपत नाही, म्हणून मूल तिथं येतं. बाप जिवंत असल्याने ते अनाथ ठरत नाही. दिवाळ्या येतात-जातात, भेटायला कुणी फिरकत नाही, मूल मोठं होत राहतं. बाल कल्याण समितीने दत्तकासाठी मोकळं असल्याचा दाखला दिल्याशिवाय त्याला दत्तक देताच येत नाही. २०२२ च्या नियमावलीनंतर मात्र ज्यांना भेटायला कुणी येत नाही किंवा ज्यांचे पालक सांभाळायला अपात्र ठरले, अशा मुलांचाही विचार होऊ लागला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

दुसरी अडचण आपल्या मनातली. बहुतेकांना तान्हं बाळ हवं असतं. ‘मोठ्या मुलाला सगळं आठवतं, त्याला लळा कसा लागणार?’ आठवतं, हे खरं. सहा-सात वर्षांचं मूल नव्या घरी आलं की कधी ताटातलं भराभर संपवतं, अर्धी भाकरी उशीखाली ठेवतं. उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. अशा वेळी रागवायचं नाही. भाकरीची टोपली त्याच्या हाताला येईल अशी ठेवायची. नव्या आईला ते महिनोन्‌महिने ‘मावशी’ म्हणेल. म्हणू द्यावं. आधी सवय होते, मग माया लागते.

आपल्याकडे मूल कुणाचं, कोणत्या जातीचं, हीही चौकशी होते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी एका ब्राह्मण विधवेचा मुलगा दत्तक घेतला, दीडशे वर्षांपूर्वी. तो यशवंत डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांच्या सेवेत उभा राहिला.

वयाचा नियमही समजून घ्या. नवरा ४८ चा, बायको ४५ ची, म्हणजे दोघांची बेरीज ९३. दोन वर्षांखालच्या मुलासाठी बेरीज ८५ च्या आत लागते, चार वर्षांपर्यंत ९०. हे जोडपं तान्ह्या बाळासाठी अडून बसलं तर हाती काही लागणार नाही. पण चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी मर्यादा १०० आहे, त्यापुढे अठरापर्यंत ११०.

एकदम दत्तकाचं धाडस होत नसेल, तर फॉस्टर केअर आहे. सरकारी भाषेत प्रतिपालकत्व. सहा वर्षांवरचं मूल समिती ठरावीक काळासाठी कुटुंबाकडे सोपवते. देखरेख समितीचीच राहते. केंद्राच्या २०२४ च्या सुधारित सूचनांनुसार एकट्या व्यक्तीलाही असं मूल सांभाळता येतं. आणि दोन वर्षं नीट निभावली, मूल दत्तकासाठी मोकळं असलं, तर त्याच घराला ते दत्तक घेता येतं. पूर्वी ही अट पाच वर्षांची होती. तरी ‘आणून तर बघू’ म्हणून कुणी मूल आणू नये. एकदा घर सुटलेल्या मुलाला दुसऱ्यांदा परत पाठवणं हा क्रूरपणा आहे.

दवाखान्यातून, ओळखीतून, पैसे देऊन मूल घरी आणणं हा गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. सापडलेल्या किंवा संकटातल्या मुलासाठी १०९८ वर फोन करा.

पलूस, कुंडल, भिलवडीत मुलं शिकून बाहेर गेलेली आणि मागे दोनच माणसं उरलेली घरं आहेत. त्यांनी एकदा सांगलीच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन चौकशी करावी. तान्हं बाळ मागू नका. मोठ्या मुलांबद्दल विचारा.